राघूच्या हाकेला ओ

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही थोडं मराठीत आणि थोडं उर्दूत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. अक्षर तर असं आहे की मी लिहिलेलं चार दिवसांनी मलाच लावून वाचावं लागतं. जे चुकलं असेल त्याची माफी असावी. माफी कुणाची मागायची तेही ठाऊक नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही.

लिहायचं कारण एवढंच की शेजारच्या घरात नवा राघू आणलाय आणि तो दिवसभर ओरडतो. ती माणसं पिंजऱ्यावर काठी आपटतात, मग तो अजून ओरडतो. मला इथं ओसरीवर बसून कळतं तो काय म्हणतोय. जाऊन सांगावं असं रोज मनात येतं. उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. लोकांच्या घरात जाऊन शहाणपण शिकवणं मला जन्मात जमलं नाही. म्हणून कागदाला सांगते.

लग्न होऊन मी झरीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. रझाकारांची गडबड अजून लांब होती. सासरी किराणा मालाचं दुकान होतं. सासऱ्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, आम्हीही अप्पाच म्हणायचो. दुकानाबरोबर ते थोडीफार सावकारी करायचे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात थोरली जाऊ होती, तिला मी अक्का म्हणत असे. दीर मालाच्या गाड्यांबरोबर हिंडायचे. माझे मालक पूर्ण्याला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं हिशेबाला होते, ते सणावारालाच घरी यायचे.

आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून माजघरात बसायचे आणि गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. कामाचे आवाज चालायचे, पण माणसाचा आवाज चालायचा नाही. आणि धाकट्या सुनेनं तर एरवीही सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. अप्पांनी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बांगड्या वाजवत यायचं आणि दाराआड उभं राहायचं, म्हणजे सून आली असं त्यांना समजायचं. मी मुळातच भित्री, मला हा नियम कधी जड वाटला नाही. त्या राघूपायी मात्र तो जड झाला.

गावात बांगड्या भरणारी एक मणेरीण होती. तिला आम्ही बायका चाची म्हणायचो. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं आणि त्याला हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. त्यासाठी चाळीस हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, मागायला ती अप्पांकडं आली. घरातली तांब्याची भांडी तिनं आधीच दुसरीकडं गहाण टाकली होती. तिच्या हातात राघूचा पिंजरा होता. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"अप्पा, ये मेरा बच्चा है," चाची म्हणाली. "पैसे लेके आती, इसकू लेके जाती."

अप्पा हसले. "तारण म्हंजे भांडं असतंय, तोडे असत्यात. पाखराचं काय तारण? उद्या उडून गेलं तर?"

"पंख कतरेले हैं."

"आन मेलं तर?"

"तुमारे घरमें आजतक किसकी चीज गुम हुई क्या, अप्पा?"

तिनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. आपल्या घरात तारण जसं येतं तसंच परत जातं, हा अप्पांचा मोठा अभिमान होता. तांब्याची घागर आली तर तिचं वजन करून ठेवायचे आणि सोडवायला आलेल्या माणसासमोर पुन्हा वजन करून द्यायचे. अप्पा विचारात पडले, आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून राघू अगदी चाचीच्या आवाजात म्हणाला, "हात ढीला छोड, बेटी, हात ढीला छोड."

बांगड्या भरताना चाची प्रत्येकीला हेच म्हणायची. दुकानात बसलेली माणसं पोट धरून हसायला लागली.

"अप्पा, राघू बी वळखतो तुमाला!" एक जण म्हणाला.

"आता व्याज मिरच्यांत घ्या," दुसरा म्हणाला.

अप्पांनाही हसू आलं. त्यांनी रुपये मोजून दिले. मुदत दिवाळीची ठरली. आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. राघूला फडक्यात गुंडाळून त्यांनी दुकानाच्या तागडीत ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात सुपाऱ्या टाकल्या. काटा सरळ झाल्यावर तेवढ्याच सुपाऱ्या एका चिंधीत बांधून पुरचुंडी खुंटीला अडकवली. परत देताना राघू एवढाच भरला पाहिजे म्हणाले.

चाची जाताना राघूशी बोलली नाही, वळूनही पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचली असेल तोवर राघूनं पहिली किंकाळी मारली.

संध्याकाळी अक्कानं मला निरोप दिला, "अप्पा म्हनले, राघूचं सगळं धाकलीकडं."

मी मान हलवली.

"मेला तर तुझ्या तोड्यांतनं भरपाई बरं का. माहेरचे चांदीचे हायत न्हवं?"

ती हसत म्हणाली की खरंच म्हणाली ते मला कळलं नाही. अक्काचं बोलणं नेहमीच असं दुधारी असायचं. मी त्या दिवशी पायातले तोडे काढून ट्रंकेत ठेवले, आणि ट्रंकेला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून घराचं घरपण गेलं. राघू सकाळी ओरडायचा, दुपारी ओरडायचा, दिवे लागायच्या वेळी तर कान किटायचे. अप्पा पूजेला बसले की हटकून. लिंगावर नजर लावून बसलेल्या अप्पांचा जबडा हलताना मला स्वयंपाकघरातून दिसायचा. पूजेतून उठता येत नाही आणि बोलताही येत नाही. मी धावत जायची, पिंजऱ्यात हिरवी मिरची सरकवायची. तो ती पायात धरून खायचा आणि गप्प व्हायचा. मला वाटायचं, जमलं. मी वळले की पुन्हा किंकाळी. मग पेरूची फोड, मग भिजवलेली डाळ. आठ-पंधरा दिवसांत तो आधीच्या दुप्पट ओरडायला लागला आणि मी दिवसभर पिंजऱ्याकडं धावायला लागले.

अक्का म्हणाली, "तू त्याला पढवायलीस का त्यो तुला?"

मला तेव्हा तो टोमणा वाटला. खरं तर तिनं सगळं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. ओरडलं की बाई पळत येते आणि खाऊ आणते, हे त्यानं मला शिकवलं होतं आणि मी शिकले होते.

अक्काचं पोर तेव्हा दोन-तीन महिन्यांचं होतं. झोप अगदी सावध. पोराचा डोळा लागला की राघूची किंकाळी यायची आणि पोर दचकून रडायचं. एके दिवशी अक्का पिंजऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ह्याची मुंडी पिरगाळा न्हाई तर मला माहेरी धाडा." आत अप्पा ऐकत होते. त्यांनी सांगितलं, पिंजरा कोठीच्या खोलीत ठेवा.

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. ज्वारीची पोती आणि गुळाच्या ढेपा असायच्या, दिवसाही दिवा घेऊन जावं लागायचं. पिंजरा तिथं ठेवून मी दार ओढून घेतलं. तो दिवसभर ओरडला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी, नंतर अजून कमी, आणि मग गप्प झाला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. मी दाणापाणी देऊन यायची तेव्हा तो दांडीच्या कोपऱ्यात अंग आखडून बसलेला असायचा. दिव्याच्या उजेडात त्याच्याकडं फार बघायला नको म्हणून मी लगेच बाहेर यायची.

दसऱ्याला अप्पांनी तागडीची पूजा केली आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "राघूला आण, बघू भरतो का." मी पिंजरा उजेडात आणला. त्याच्या छातीवर पिसं नव्हती. कोंबडी सोलावी तशी लालसर कातडी दिसत होती. पिंजऱ्याच्या तळाशी हिरवी पिसं पडली होती, ती त्यानं स्वतःच उपटलेली. पारड्यात पुरचुंडी घातली तर राघूचं पारडं वर राहिलं. अप्पांनी पुरचुंडी सोडून एक सुपारी काढली, मग दुसरी काढली, तेव्हा काटा जुळला.

दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं म्हणून ते हळूच बोलले. "आपल्या घरात तारण झिजलं," एवढंच म्हणाले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मी पिंजरा कोठीत परत नेला नाही. कुणाला विचारलं नाही. चुलीपासून हातभर लांब, जिथून मी त्याला दिसेन अशा खुंटीला टांगला. दुपारभर मी वाट बघत होते की आता अक्का म्हणेल, आता अप्पा म्हणतील. राघू दोन दिवस मुका राहिला. तिसऱ्या दिवशी मी पाणी आणायला बाहेर पडले तशी त्यानं किंकाळी मारली, आणि देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. लगेच भीतीही वाटली, कारण आतल्या खोलीत पोर झोपलं होतं.

त्याच आठवड्यात मला एक गोष्ट लक्षात आली. मी भाकरी थापायला बसले की राघू गप्प असायचा. सगळ्यांना वाटायचं की त्याला भाकरीचा तुकडा मिळणार म्हणून तो गप्प आहे. पण मी त्याला तुकडा शेवटी द्यायची. आणि मधे चुलीत लाकूड सारायला मी थांबले की लगेच तो मान वर करून एकदा हाक मारायचा. किंकाळी नाही, हाक. बारीक, प्रश्न विचारल्यासारखी. मी पुन्हा काटवटीत, लाकडी परातीत, थापायला लागले की गप्प. मी मुद्दाम थांबून बघितलं. हाक. मी पीठ न घेता रिकाम्या काटवटीवर दोन थापा मारल्या. तो पिसं फुलवून अंग झटकून निवांत बसला.

मला त्याची भाषा कळली असं म्हणणार नाही. पण एवढं कळलं की तो खायला मागत नव्हता. रानातले राघू झाडावर उतरले की सारखे एकमेकांना हाका मारतात, तू आहेस का, मी आहे. हाही तेच विचारत होता. चाचीच्या घरात ती दिवसभर बडबड करायची, त्यामुळं त्याला ओ मिळत होती. आमच्या घरात बायका मोठ्यानं बोलत नव्हत्या. त्याची पहिली हाक बारीक असायची, ती कुणी ऐकत नव्हतं. मग तो चढत चढत किंकाळीवर जायचा, आणि किंकाळीला मात्र आम्ही सगळे धावत होतो.

तोंडानं ओ देणं मला शक्य नव्हतं, पण काटवटीवर थाप मारायला कोण नको म्हणणार? तो कामाचा आवाज. तेव्हापासून मी काटवट पालथी घालून जवळ ठेवायला लागले. हाक आली की दोन थापा. मागच्या अंगणात असले तर बादलीवर, धुणं धूत असले तर दगडावर धोपटण्यानं. कुठंही असले तरी दोन. पहिल्या हाकेला ओ मिळाली की दुसरी हाक यायचीच नाही. किंकाळीकडं मात्र मी पाठ फिरवायला शिकले. ते फार कठीण होतं. पोर रडायला लागायचं, अक्का दात ओठ खायची, आणि मी दाराआड उभी राहून पदर तोंडात धरायची. तो दम खायला थांबला, गळ्यातून थोडा मऊ आवाज आला, की लगेच जायची.

दिवे लागणीचा गलका मात्र मी कधी थांबवला नाही. तो ओरडा नव्हताच, तो सगळ्याच राघूंचा त्या वेळचा धर्म आहे. त्या वेळी मी अक्काच्या पोराला घेऊन अंगणात जायची आणि राघूला मोकळेपणानं ओरडू द्यायची. डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी व्हायला लागली की बोट आत घालायचं नाही, हे एकदा चावून घेऊन शिकले. आणि झोपायच्या आधी तो चोच चोचीवर घासून करकर असा बारीक आवाज करायचा. मला आधी वाटलं आजारी आहे. मग कळलं की तो तेव्हाच तसं करतो जेव्हा त्याला कुठलीच काळजी नसते. मी तो आवाज ऐकल्याशिवाय चूल सारवायला घ्यायची नाही.

छातीवर बारीक कोंब फुटायला लागले. अप्पांची पूजा सुरू असताना आता एक हाक यायची, दोन थापा पडायच्या, आणि घर शांत राहायचं. अप्पांच्या हे लक्षात आलं असेल असं मला वाटलं नाही.

पण दिवाळी झाली आणि चाची आली नाही. निरोपही नाही. गावात कुणी म्हणायचं नवरा तिकडंच मेला, कुणी म्हणायचं ती तिकडंच राहिली, चाळीस रुपयांत राघू विकला समजा. कार्तिक सरला. मग एका बाजाराच्या दिवशी परभणीकडच्या एका मोठ्या घरचा कारभारी सुपारी घ्यायला दुकानात आला आणि त्यानं राघूची गोष्ट ऐकली. त्याच्या धन्याच्या लेकीला बोलता राघू पाहिजे होता.

"सत्तर देतो," तो म्हणाला. "पन बोलला पायजे. म्होरच्या बाजारी येतो, ऐकतो आन घेऊन जातो."

"मुदत सरली हाय," अप्पा म्हणाले. "या."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. मुदत संपल्यावर तारण विकायचा अप्पांना हक्क होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण चाची येणार असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगता येणार नाही. तिनं जाताना वळून बघितलं नव्हतं, बहुतेक त्यामुळंच.

मी अक्काला म्हटलं, "अक्का, तुमी अप्पांना सांगा ना, थोडं थांबा म्हनून."

"तुझं डोस्कं फिरलंय का? सत्तर रुपये येत्यात. आन तुझे तोडे बी वाचायलेत की!"

ते खरंच होतं. विकला की माझी जबाबदारी संपली. तो मेला, झिजला, उडाला, कशाचीच भीती उरणार नव्हती. मला दुसरं काही सुचलं नाही. अप्पांसमोर उभं राहून बोलायचं मी मनातल्या मनात घोकून बघितलं. मनातही पहिल्या शब्दापुढं जाता येईना.

बाजाराच्या दिवशी कारभारी आला. अप्पांनी पिंजरा ओसरीवर मागवला. मी तो अक्काच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. समोर काटवट होती.

राघू नव्या जागी थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं बारीक हाक मारली.

मी थाप मारली नाही.

तो थांबला. मान तिरकी करून ऐकत असेल, मला न बघताच दिसत होतं. पुन्हा हाक आली, थोडी मोठी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिसरी हाक. चौथी. आणि मग ती किंकाळी, जी घरानं कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

"ह्यो बोलतो का बोंबलतो?" कारभारी म्हणाला.

"बोलतो. जरा दम धरा."

किंकाळ्या थांबेनात. आत पोर उठलं. अक्का धावत स्वयंपाकघरात आली आणि मला बसलेली बघून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, थाप ना!"

तिला माहीत होतं. मी मान हलवली. माझा नकार बघून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनं काटवटीकडं बघितलं. तिनं हात पुढं केला असता तर सगळं संपलं असतं. मी काही तिला अडवू शकले नसते. बाहेर राघू घसा फुटेस्तोवर ओरडत होता आणि मला कळत होतं की तो फक्त विचारतोय, आहेस का. तेवढ्या वेळात मी त्याच्या जागी मरून घेतलं. अक्कानं हात मागं घेतला, "तुझं तू बघ" म्हणाली आणि पोराकडं गेली.

कारभारी उठला. जाताना त्याचा आवाज आला, "अप्पा, हे घेऊन गेलो तर धनी मलाच पिंजऱ्यात घालतील. सत्तर काय, सात बी देनार न्हाई."

तो गेला. राघू ओरडतच होता. आणि मग मला वहाणा काढल्याचा आवाज आला. अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. मी त्या घरात आल्यापासून ते या दाराशी कधी आले नव्हते. मी उठून कोपऱ्यात उभी राहिले, पदर नाकापर्यंत ओढला.

"धाकले," ते म्हणाले, "आता त्याला ओ दे."

मी खाली बसले आणि काटवटीवर दोन थापा मारल्या. थापा कसल्या, हात नुसते पडले. ओसरीवर राघू एकदम गप्प झाला.

अप्पा तसेच उभे होते. "सत्तर रुपये गेले," एवढं बोलून ते दुकानात गेले.

त्या दिवशी मी जेवले नाही. मला वाटत होतं, उद्या गाडी जुंपतील आणि मला माहेरी पोचवतील, आणि वडिलांना सांगतील की तुमच्या लेकीनं गिऱ्हाईक घालवलं. सकाळी अप्पा पूजेला बसले. राघूनं हाक मारली. मी थाप मारू की नको अशी बसून राहिले. हाक पुन्हा आली. आणि मग माजघरातून आवाज आला, टक टक. अप्पांच्या डाव्या तळहातावर लिंग होतं, नजर त्यावरून हलली नव्हती. उजव्या हातानं त्यांनी भस्माची डबी पाटावर दोनदा आपटली होती.

दुपारी त्यांनी खुंटीवरची पुरचुंडी सोडून सुपाऱ्या पोत्यात टाकून दिल्या. अक्काला म्हणाले, "कुनी इचारलं तर सांग, तारण घरातच हाय. मुदत मी वाढवली." माझ्याशी ते त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. तोड्यांचं नावही पुन्हा निघालं नाही.

चाची होळीच्या आधी आली. वाळून काटकी झाली होती. नवऱ्याचा एक डोळा गेला, एकानं दिसायला लागलं होतं. दवाखान्याजवळ तिनं कुणाच्या घरची धुणीभांडी करून दिवस काढले होते. तिच्याजवळ पंधरा रुपये होते. अप्पांनी ते घेतले, आणि म्हणाले, "पुरे पैसे आल्याबिगर तारण जात न्हाई. पन येऊन बसत जा त्याच्यापाशी."

ती आत आली. राघूच्या छातीवर अजून मधेमधे उघडी जागा होती. ती बघून तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी जमिनीत शिरावं. "क्या हाल करे मेरे बच्चेका?" राघूनं हाक मारली, मी काटवटीवर दोन थापा दिल्या, तो गप्प झाला. चाचीनं पुन्हा करून दाखवायला लावलं. मग ती पिंजऱ्याला कपाळ टेकवून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"मैं तो दिनभर बकबक करती. मेरेकू क्या मालूम था, इसकू जवाब होना!"

नंतर ती दर बाजाराला यायची. बांगड्यांचे जे काही पैसे आले असतील त्यातले अप्पांना द्यायची आणि घटकाभर राघूपाशी बसायची. तो तिच्याशी बोलायचा, माझ्याशी कधीच बोलला नाही, मला फक्त विचारायचा. ज्या बाजारी बायकांनी कमी बांगड्या भरल्या त्या दिवशी मला आतून बरं वाटायचं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटायची की पुढच्या वेळी मी हात भरून नव्या बांगड्या चढवून घ्यायची. ती म्हणायची, "हात ढीला छोड, बेटी," आणि आतून राघू तेच म्हणायचा. अक्का म्हणायची, "ह्या पाखरापायी तू दुकान बुडवशील."

पेरण्या आटोपल्या होत्या तेव्हा ती शेवटचे पैसे घेऊन आली. अप्पांनी मुद्दल मोजून घेतलं आणि व्याज राहू दे म्हणाले.

"नक्को," चाची म्हणाली. "व्याज भी लेव. तारण तुम रखे, मेहरबानी नक्को रखो."

"मग मिरच्यांचे पैसे मी देनं लागतो का तू?"

"वो तुमारी बहूका और मेरा हिसाब है."

अप्पांनी व्याजही मोजलं. एक रुपया घासलेला होता, तो त्यांनी दगडावर वाजवून बघितला, घेतला. मी पिंजरा आणून उंबऱ्याच्या आत ठेवला आणि तिथंच उभी राहिले. अप्पांनी सगळे रुपये गल्ल्यात सारले, गल्ला लावला आणि म्हणाले, "फिटलं."